खालच्या माणसाला चावी द्या

मा. संचालक,
औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.



कारखान्याच्या शेडमध्ये उंचावरचं काम निघालं की पूर्वी पाइपांची परांची बांधली जायची. आता गेटमधून ट्रेलर आत येतो, त्यावरून बूम लिफ्ट उतरते आणि तासाभरात दोन माणसं साठ फुटांवर केबल ट्रे ठोकत असतात. चाकण, तळेगाव, रांजणगाव, वाळूज, भिवंडीची गोदामं, कुठेही जा, हेच दिसेल. परांचीचे दिवस मी पाहिले आहेत, त्यामुळे हा बदल मला मनापासून आवडतो. भाड्याने जाणाऱ्या या मशीनची दुरुस्ती हे माझं पोटापाण्याचं काम आहे आणि त्याच्या जोडीला ऑपरेटरांना शिकवणंही येतं. तेव्हा हे पत्र यंत्राविरुद्ध नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पत्र आहे ते यंत्राखाली उभ्या असलेल्या, किंवा उभं असायला हव्या असलेल्या माणसाबद्दल. बास्केट वर अडकली तर ती खाली आणायची सोय बूम लिफ्टमध्ये बनवतानाच केलेली असते. ती वापरता येणारा माणूस मात्र साइटवर बहुतेक वेळा सापडत नाही. याबाबत आपल्या खात्याने एक छोटी अट घालावी, एवढं मागणं आहे. ते नीट कळावं म्हणून थोडं मशीनच्या पोटात शिरावं लागेल, कंटाळू नये.

आम्हाला फोन येतो तो ठरलेल्या शब्दांत : "हायड्रॉलिक गेलं." वर काहीही अडलं तरी साइटच्या भाषेत हायड्रॉलिकच गेलेलं असतं. जाऊन पाहावं तर कुणाच्या तरी गुडघ्याने बास्केटमधलं लाल बटण दाबलं गेलेलं असतं. कधी फूटस्विचच्या खाचेत वेल्डिंग रॉडची थोटकं अडकलेली असतात, कधी जमीन कलती आहे म्हणून टिल्ट सेन्सरने काम थांबवलेलं असतं, कधी सरळ डिझेलच संपलेलं असतं. डिझेल पार्टीचं, म्हणजे मशीन भाड्याने घेणाऱ्याचं असतं आणि पार्टी ते औषधासारखं मोजून घालते.

खरोखर हायड्रॉलिक जातं तेव्हा पंप बसलेला असतो, होज फुटलेला असतो, सील जाऊन ऑइल वाहून गेलेलं असतं किंवा व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला असतो. बूमच्या आत होज एका पट्ट्यातून मागेपुढे सरकत असतात. वर्षानुवर्षं एकाच जागी वाकून तिथलं रबर तडकतं. सिमेंटच्या धुळीत आणि मे महिन्याच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या मशीनचे होज त्याहून लवकर थकतात. बाहेरून मशीन धुवून पुसून चकाचक दिसतं, आत काय चाललंय ते होजलाच ठाऊक.

लोकांची समजूत अशी की होज फुटला की बास्केट धाडकन खाली येते. तसं होऊ नये याची काळजी घेतलेली असते. बूम उचलणाऱ्या सिलिंडरच्या अंगालाच एक होल्डिंग व्हॉल्व्ह बसवलेला असतो, मध्ये लवचीक होज नसतो. होजमधलं प्रेशर गेलं की हा व्हॉल्व्ह बंद होतो आणि सिलिंडरमधलं ऑइल आतच कोंडून धरतो. त्यामुळे बूम जिथे आहे तिथेच थांबतो. व्हॉल्व्ह धड आहे की नाही हे पाहायची रीतही मशीनच्या पुस्तकात असते : बूम वर करून इंजिन बंद करायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि बास्केट किती उतरली ते मोजायचं. ही परीक्षा नीट पास झालेलं मशीन पंप बसल्यावर माणसांना खाली पाडत नाही, वर धरून ठेवतं.

आणि महोदय, खरा धोका इथून पुढे सुरू होतो. मशीनने आपलं काम केलेलं असतं. आता माणसं कामाला लागतात.

ज्या व्हॉल्व्हने माणसं वाचवली तोच आता त्यांना खाली येऊ देत नाही. तो उघडायला ऑइलचंच प्रेशर लागतं आणि प्रेशर देणारा पंप तर बंद पडलेला. सिझर लिफ्टची गोष्ट वेगळी आहे. तिच्या बुडाशी एक नॉब किंवा ओढायची केबल असते. ती ओढली की प्लॅटफॉर्म स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली बसतो. आमच्याकडे बहुतेक हेल्पर आधी सिझरवर तयार होतात, कारण सिझर स्वस्त आणि जास्त. मग तोच पोरगा बूम लिफ्टखाली उभा केला जातो आणि वेळ आली की टर्नटेबलभोवती वाकून वाकून तो नॉब शोधत बसतो. बऱ्याच डिझेल बूममध्ये तसा नॉब नसतोच. तिथे असतो एक छोटा इलेक्ट्रिक पंप, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. आम्ही त्याला ऑक्झिलरी म्हणतो. इंजिन मेलं, मुख्य पंप बसला तरी हा पंप टाकीतलं ऑइल ढकलून व्हॉल्व्ह उघडतो आणि बूम खाली घेतो. काही मॉडेलांत त्याच्या जागी हातपंप असतो.

ऑक्झिलरी चालवायला दोन हात लागतात. एका हाताने तिचा स्विच धरून ठेवायचा, दुसऱ्याने बूमचा. सोडला की थांबतं. गती इतकी कमी की पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं काही होतच नाहीये, आणि तो स्विच सोडून देतो. ज्याने ही हालचाल आधी एकदा तरी पाहिलेली असते तो धीराने धरून ठेवतो. शिकवताना मी यावर जितका वेळ घालवतो तितका दुसऱ्या कशावरच घालवत नाही.

क्रमही ठाऊक असावा लागतो. बूम लांब पसरलेला असेल तर आधी आत घ्यायचा, मग खाली. लांब पसरलेला बूम तसाच खाली झुकवला तर बास्केट मशीनपासून आणखी लांब जाते आणि उलटण्याचा जोर वाढतो. खाली मशिनरी असेल, पाइप रॅक असेल, तर आधी टर्नटेबल फिरवून मोकळी जागा गाठायची. बास्केट एखाद्या बीममध्ये अडकली असेल तर आधी माणसं दुसऱ्या मशीनने काढायची, मग बास्केट सोडवायची. कारण अडकलेल्या बूममध्ये ताण साठलेला असतो आणि सुटताना तो बास्केटला फटक्यासरशी उडवतो. यातलं काहीच अवघड नाही. पण प्रसंग ओढवल्यावर, वरून दोघं ओरडत असताना हे पहिल्यांदा समजून घ्यायला कुणालाच जमत नाही.

एक प्रसंग सांगतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्याने काही साधणार नाही, आणि हेच इतर अनेक ठिकाणी होऊ शकलं असतं. एप्रिलची दुपार, पत्र्याच्या शेडचं वाढीव काम, साठ फुटी आर्टिक्युलेटिंग बूम, वर ऑपरेटर आणि एक इलेक्ट्रिशियन. पंपाचं कपलिंग तुटलं. फोन मला आला तेव्हा मी दुसऱ्या एमआयडीसीत होतो. विचारलं, "खाली कोण आहे?" "कुणी नाही. पोरगा चहा आणायला गेलाय." चावी कुठे? ऑपरेटरच्या खिशात, म्हणजे साठ फुटांवर. काही मशीनमध्ये कंट्रोल 'वर' दिल्यानंतर चावी काढून घेता येते, आणि मशीन कुणी पळवू नये म्हणून ऑपरेटर ती खिशात घालून चढतो. कामाला प्रामाणिक माणूस होता, म्हणूनच घातली.

चावी त्याने वरून टाकली. ती शीटच्या गठ्ठ्यांच्या फटीत गेली. तोवर सुपरवायझरने हायड्रा बोलावला होता. आपल्याला माहीतच असेल, आपल्या साइटवर कुठल्याही अडचणीवर पहिला उपाय हायड्रा क्रेन. बेत असा की बास्केटला बेल्ट लावून हायड्राने उचलून धरायची. मी फोनवर होतो म्हणून तो बेत थांबला. क्रेनने बास्केट उचलली की बूमच्या सिलिंडरवरचा भार भलत्याच दिशेने जातो, बास्केट तिरकी होते, आणि क्रेनचा बेल्ट सटकला तर तोवर शहाण्यासारखं वागलेलं मशीनसुद्धा काही करू शकत नाही. दुसरी सूचना फिटरची : सिलिंडरचं कनेक्शन पान्याने हळूच ढिलं करू, ऑइल निघालं की बूम बसेल. बसेल तर खराच, पण किती वेगाने ते कुणाच्या हातात राहत नाही. आणि त्या ऑइलचं प्रेशर असं असतं की सुईएवढ्या फटीतून निघालेली धार कातडी फोडून आत शिरते. वरून बघावं तर टाचणीचं टोक लागल्याएवढी खूण, आतून बोट सडायला लागलेलं. हातमोज्याने ती अडत नाही. गळती हाताने चाचपून शोधायची नसते, पुठ्ठा धरून बघायची असते, हे मी प्रत्येक बॅचला सांगतो आणि प्रत्येक बॅचमध्ये एखादा तरी हसतो.

शेवटी चहा घेऊन पोरगा आला. चावी त्यानेच हूकने काढली. फोन स्पीकरवर ठेवून त्याला खालच्या पॅनेलचं कव्हर उघडायला लावलं आणि विचारलं, आत काय चित्र दिसतंय? म्हणाला, चित्र दिसत नाही, फोन नंबर दिसतोय. ऑक्झिलरी कशी चालवायची याचं चित्र जिथे छापलेलं होतं, नेमकं त्यावर कुणीतरी 'ब्रेकडाउनसाठी संपर्क' असं स्टिकर चिकटवलं होतं. तो नंबर माझाच होता आणि मी त्याच्याशी बोलतच होतो. त्याने नखाने स्टिकर खरवडलं, खालचं चित्र ओळखलं, दोन्ही स्विच धरले. बूम हलायला लागला तेव्हा तो ओरडला, "येतंय, येतंय!" दोघं सुखरूप उतरले. तोवर वर त्यांचं पाणी संपलेलं होतं. एप्रिलमध्ये तापलेल्या पत्र्याच्या हातभर खाली उभं राहणं काय असतं ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल; अशा वेळी माणूस बेल्ट सोडून शेजारच्या ट्रसवर चढायचा विचार करू लागतो. तो इलेक्ट्रिशियन करत होता. ऑपरेटरने त्याचा लॅनयार्ड धरून ठेवला होता.

अडकलेली माणसं ट्रसवर चढतात, बूमवरून घसरत उतरायला बघतात, दोराने लोंबकळतात, आणि पडतात ती इथे. बंद पडलेल्या बास्केटमध्ये शांत उभं राहिलेला माणूस त्यामानाने पुष्कळ सुरक्षित असतो. त्याला शांत ठेवणारी गोष्ट एकच : खालचा माणूस आपल्याला उतरवणार आहे याची खात्री. ती नसेल तर प्रशिक्षणातलं सगळं विसरतं.

घाई करावीच लागते असेही प्रसंग असतात, ते लपवत नाही. वळवाचा पाऊस हा एक. उघड्यावरची बहुतेक मशीन सेकंदाला साडेबारा मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर वाऱ्यापर्यंतच वापरायला परवानगी असलेली असतात. मे महिन्यातलं वादळ ही मर्यादा विचारून येत नाही. वरच्या माणसाला चक्कर आली, शॉक लागला, हात बीम आणि कठड्याच्या मध्ये चेपला, तर तो स्वतः काहीच करू शकत नाही. कुणी बास्केटच्या बाहेर फेकला जाऊन बेल्टवर लटकला तर काही मिनिटांत पायांत रक्त साकळून शुद्ध हरपू शकते. माणूस असा निकामी झाला की मशीन ठणठणीत असलं तरी ते खालूनच उतरवावं लागतं. म्हणजे खालच्या माणसाची गरज हायड्रॉलिक जाण्यापुरती नाही. जगभरच्या नोंदींत या यंत्रांवरच्या मृत्यूंची मोठी कारणं म्हणून जी येतात, म्हणजे बास्केटमधून पडणं, विजेच्या तारा, चेपलं जाणं, उलटणं, त्यांतल्या निदान दोनांत खालून वेळेवर हात चालला तर फरक पडतो.

अग्निशमन दल आहेच, १०१ फिरवायला कुणाची हरकत नाही, एमआयडीसीची स्वतःची केंद्रंही आहेत. पण त्यांची गाडी शेडच्या आत, पाइप आणि कन्व्हेयरच्या जंगलात शिरत नाही. तोवर जे करायचं ते साइटवरच्यांनाच करावं लागतं.

मग खालचा माणूस असतो कोण? भाड्याच्या करारात त्याचं उत्तर आहे. मशीन आणि ऑपरेटर भाड्याच्या कंपनीचे, 'डिझेल व हेल्पर पार्टीचा'. हेल्पर पार्टीचा, म्हणजे त्या सकाळी ज्याच्याकडे दुसरं काम नाही तो. तो बीडचा असेल, नांदेडचा असेल, झारखंडचा असेल. आज बूमखाली, उद्या खड्ड्यात, परवा मटेरियल उतरवायला. त्याच्या नावाने परमिट नाही, प्रशिक्षण नाही, बऱ्याचदा तो कुणासाठी उभा आहे हेही त्याला कुणी सांगितलेलं नसतं. 'लोकांना खालून जाऊ देऊ नको' एवढी सूचना असते. तो शिट्टी वाजवतो, लाल फीत धरतो आणि सगळे खूश असतात. सुटकेची जबाबदारी कागदावर कुणाचीच नाही. भाड्याची कंपनी म्हणते हेल्पर आमचा नव्हे. कंत्राटदार म्हणतो मशीन आमचं नव्हे. मूळ कंपनी म्हणते, आम्ही टीपीआय, म्हणजे त्रयस्थ तपासणीचं सर्टिफिकेट बघूनच मशीन आत घेतलं.

आता सर्टिफिकेटकडे येतो, कारण इथे आपलं खातं थेट काही करू शकतं.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम २८ हॉइस्ट आणि लिफ्टचं होतं, आणि २९ उचल यंत्रांचं. कलम २८ सांगत होतं की ज्याच्या प्लॅटफॉर्मची किंवा पिंजऱ्याची हालचाल गाइडने बांधलेली आहे तीच लिफ्ट. बूमची बास्केट तर हवी तिकडे फिरते. कलम २९ च्या व्याख्येत क्रेन, विंच, पुली ब्लॉक यांची नावं होती. हा कायदा झाला तेव्हा आजची बूम लिफ्ट जन्मालाच आली नव्हती. जॉन ग्रोव्ह यांच्या जेएलजी कंपनीचं पहिलं मशीन बाजारात आलं ते १९७० च्या सुमारास. तेव्हा दोष कुणाचा नाही. व्यवहारात आम्ही सगळे बूम लिफ्ट २९ मध्ये धरत आलो, म्हणजे सक्षम व्यक्तीकडून वर्षातून एकदा तपासणी. गंमत अशी की माल वाहणाऱ्या साध्या लिफ्टला कलम २८ दर सहा महिन्यांनी तपासायला लावत होतं, आणि माणसांना साठ फुटांवर अधांतरी धरणाऱ्या यंत्राला वर्ष चालत होतं.

त्या वार्षिक तपासणीत काय होतं ते मी मशीनशेजारी उभा राहून पाहत आलोय. वजनं ठेवून लोड टेस्ट होते. लिमिट स्विच, अलार्म, टायर, वेल्डिंगचे सांधे बघितले जातात. चांगल्या तपासनिसाने ऑक्झिलरी चालवून घेतलेलीही असते. पण चालवतो कोण? मी. मेकॅनिकने ऑक्झिलरी चालवून दाखवली याचा अर्थ मशीन ठीक आहे एवढाच. एखाद्या मंगळवारी दुपारी अडकलेली माणसं खाली येतील की नाही याचा त्यातून काही पत्ता लागत नाही. शिवाय ऑक्झिलरी ज्या बॅटरीवर चालते ती तपासणीच्या दिवशी चार्ज केलेली असते. भाड्यावर गेल्यावर तीन महिन्यांत तिच्या टर्मिनलवर हिरवा थर चढतो आणि तिचं पाणी कुणी बघत नाही. बऱ्याच मशीनमध्ये हीच बॅटरी इंजिन सुरू करते. इंजिन बॅटरीमुळे मेलं तर ऑक्झिलरीही तिच्याबरोबर मेली. मुख्य वाट आणि आणीबाणीची वाट एकाच बॅटरीतून जाते, हे ऐकून सेफ्टी ऑफिसरसुद्धा दचकतात.

जुन्या कायद्याची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कलमं, नमुने, परिपत्रकं नव्याने बसवली जाण्याचा हा काळ आहे. एकदा बसली की पुढची कित्येक वर्षं कुणी हात लावणार नाही, म्हणून आत्ता लिहितो आहे. ब्रिटनने २००५ सालच्या उंचीवरील कामाच्या नियमांत कामाचं नियोजन करतानाच आणीबाणीचा आणि सुटकेचा विचार झालेला असला पाहिजे असं लिहून टाकलं. आयपीएएफ या १९८३ पासून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं पाच वर्षं चालणारं ऑपरेटर कार्ड आपल्याकडच्या काही मोठ्या साइटही मागू लागल्या आहेत. उत्तमच आहे. पण कार्डवाला बास्केटमध्ये असतो. अडकतो तोच.

माझी मागणी अशी. उंचावरच्या कामाच्या परमिटवर एक रकाना असावा : खालच्या माणसाचं नाव. आणि त्याखाली सही, की त्याने आज सकाळी इंजिन बंद असताना रिकामी बास्केट वर ठेवून ती ऑक्झिलरीवर स्वतःच्या हाताने खाली घेतली. मेकॅनिकने नव्हे, ऑपरेटरने नव्हे, त्यानेच. त्याची पाळी बदलली, तो जेवायला गेला, तर जो येईल त्याच्याही नावाने तेच. काम चालू असेपर्यंत चावी खालच्या पॅनेलमध्ये. आणि वार्षिक प्रमाणपत्राच्या नमुन्यात ऑक्झिलरीची एक वेगळी ओळ, बॅटरीच्या अवस्थेसकट. यात नवं यंत्र विकत घ्यायचं नाही, नवा अधिकारी नेमायचा नाही. रोजच्या तपासणीत ऑक्झिलरी चालवून पाहावी हे या मशीनच्या पुस्तकांत उत्पादकांनीच लिहिलेलं आहे. ते पुस्तक बास्केटवरच्या डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, बहुधा न उघडलेलं पडलेलं असतं.

हरकती मला पाठ आहेत. पहिली, रोज एवढा वेळ कोण देणार? रिकामी बास्केट माणसाच्या उंचीपर्यंत नेऊन परत आणायला चहा थंड होत नाही. दुसरी, रोज वापरली तर ऑक्झिलरीची मोटर जळेल, बॅटरी उतरेल. सलग ताणून चालवली तर मोटर तापते, हे खरं. पण थोड्या वेळच्या चाचणीने जी बॅटरी उतरते तिच्या भरवशावर माणसं वर पाठवायचीच कशाला? तिसरी हरकत कुणी उघड बोलत नाही : हेल्परला शिकवलं तर तो पगार जास्त मागेल. मागू दे.

एका कारखान्यात हे होताना मी पाहिलंय. तिथल्या सेफ्टी ऑफिसर बाईंनी परमिटवर सही करण्याआधी हेल्परला समोर बोलावून बास्केट उतरवून दाखवायला सांगायचा पायंडा पाडला. पहिले काही दिवस कंत्राटदार कुरकुरले. पुढे एक गोष्ट घडली ती कुणाच्याच डोक्यात नव्हती : सकाळच्या त्या चाचणीत मरायला टेकलेल्या बॅटऱ्या आणि गळके होज बास्केट जमिनीजवळ असतानाच सापडू लागले. मला तिथून येणारे फोन कमी झाले. धंद्याच्या दृष्टीने तोटा, पण तक्रार करणार नाही.

पाहणीला निघाल्यावर आपल्या अधिकाऱ्यांनी एवढंच करावं. मशीनची कागदपत्रं मागण्याआधी खाली जो उभा असेल त्याला सांगावं, "इंजिन बंद आहे असं समज आणि ही बास्केट खाली घे." मग चावी कुठे आहे ते बघावं. पुढचं अर्धं काम आपोआप कळेल.

पॅनेलवर लावायच्या स्टिकरचा मजकूर मी मराठीत आणि हिंदीत करून ठेवला आहे, आपल्या खात्याला हवा तसा वापरावा, माझं नावगाव नको. मराठीतला असा आहे : 'वरचा माणूस अडकला तर - १) चावी "खाली" कडे फिरवा. २) लाल बटण दाबलेलं असेल तर सोडवा. ३) इंजिन चालत नसेल तर ऑक्झिलरीचा स्विच धरून ठेवा. ४) दुसऱ्या हाताने बूम आधी आत, मग खाली. हळू चालतं, सोडू नका. ५) क्रेन लावू नका, पाइप खोलू नका.' शेजारी हाताचं चित्र हवं, कारण सगळ्यांना वाचता येतंच असं नाही. मॉडेलप्रमाणे तिसऱ्या ओळीत बदल करावा लागेल, हातपंपाच्या मशीनसाठी वेगळा. स्टिकर कागदी नको, उन्हात टिकणारं विनाइल घ्यावं. आणि ते कारखान्याच्या मूळ चित्रावर चिकटवू नये, त्याच्या बाजूला चिकटवावं.

आपला,
भाड्याच्या मशीनवरचा एक मेकॅनिक, चाकण